जकात क्यूआर कोडवर द्यावी का? मराठवाड्यापुरतं बोलू

परभणीकर (धागाकर्ता): रमजानमध्ये आमच्या मशिदीच्या दाराशी जकातीसाठी, म्हणजे ऐपतदार मुसलमानाने दरवर्षी द्यायच्या दानासाठी, क्यूआर कोड लागला आणि जुनी मंडळी नाराज झाली. मला वाटतं, तो आधीच लागायला हवा होता. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी शिल्लक चांद्र वर्षभर राहिली की अडीच टक्के जकात फर्ज, म्हणजे बंधनकारक. पुण्या-मुंबईला गेलेली आपली पोरं ती तिकडेच देऊन मोकळी होतात. तीच जकात गावाकडे वळली, तर मुकादमाची उचल फेडता फेडता पिचलेलं एखादं ऊसतोड कुटुंब सुटेल. कुराणात जकातीचे आठ हकदार सांगितलेत, त्यांत कर्जदारही आहे. आणि संयुक्त राष्ट्रांच्या 2030 पर्यंतच्या शाश्वत विकास ध्येयांत पहिलं ध्येय गरिबी संपवणं हेच आहे.

बीडची बाजी: भाई, मला नाही पटत. आमच्या गल्लीत शिवणकाम करून लेकरं वाढवणारी एक बेवा (विधवा) आहे. ती कुणापुढे हात पसरणार नाही, फॉर्म तर भरणारच नाही. तिची चूल कुठल्या दिवशी पेटली नाही हे शेजारणीलाच कळतं. वर एका संस्थेने किराणा वाटला आणि घेणाऱ्या बायांचे फोटो ग्रुपवर फिरवले, देणाऱ्यांना हिशेब दाखवायला म्हणे. त्या बायांच्या अब्रूचं काय?

लातूरचा अभियंता: फोटो बंदच व्हावेत. पण घरोघर पाकिटं देऊन दुष्काळ हटत नाही. 2016 मध्ये आम्ही मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलोय. इंडोनेशियात बाझनास या सरकारी जकात संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाबरोबर जांबी प्रांतात छोटे जलविद्युत प्रकल्प उभे केले. आपल्याला निदान विहीर पुनर्भरण तरी जमावं.

नांदेडचा मुदर्रिस: जकातीतून नाही जमणार, सर. आपल्या हनफी मसलकात (धर्मशास्त्राच्या परंपरेत) तमलीक लागते, म्हणजे रक्कम हकदाराच्या मालकीची व्हावी लागते. विहिरीला मालक कोण? त्यासाठी सदका-ए-जारिया (सतत उपयोगी पडणारं ऐच्छिक दान) आहे, वक्फ (धर्मकार्यासाठी कायमची दिलेली मालमत्ता) आहे. संभाजीनगरची पाणचक्की बघा, दुरून नहरीने पाणी आणून दर्ग्यातल्या फकिरांसाठी पीठ दळलं जायचं. एकाच कोडवर जकात, फितरा (रमजान ईदचं दान), सदका (ऐच्छिक दान) सगळं पडलं तर कुठला पैसा कशाचा, हे कोण सांगणार? कोडही वेगळे हवेत, खातीही.

परभणीकर: वेगळी खाती मान्य. जमा-खर्चाचा आकडा मशिदीच्या फलकावर लावू, घेणाऱ्याचं नाव कुठेच नाही. हकदारांची यादी मोहल्ला कमिटी करेल.

बीडची बाजी: तुमच्या कमिटीत बाई आहे का एक तरी? इद्दतीत (नवरा गेल्यावर किंवा तलाकनंतर पाळायच्या मुदतीत) बसलेल्या बाईच्या घरात कोण जाऊन विचारणार? यादी करायला मोहल्ल्यातल्या दोघी-तिघी घ्या, मग माझी जकातही त्या कोडवर येईल. तोवर मी हातानेच देणार.