पूरग्रस्तांना ट्रक भरून सामान पाठवायचं की सरळ पैसे द्यायचे?

नदीकाठ:
कुठेही महापूर आला की दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज फिरायला लागतो, जुने कपडे, चादरी, भांडी जे असेल ते आणून द्या, ट्रक निघतोय. माझं स्पष्ट मत आहे की हे बंद करा आणि पैसे द्या, थेट पूरग्रस्तांच्या हातात. 1998 मध्ये मिच वादळानंतर होंडुरासमध्ये पूर आला तेव्हा कपड्यांच्या गठ्ठ्यांनी धावपट्टी अडली आणि मदतीच्या विमानाला उतरता येईना. सामान उतरवायला, निवडायला माणसं लागतात आणि ठेवायला कोरडी जागा लागते. पुरानंतर कोरडी जागाच तर नसते, शाळेचा एक हॉल कोरडा राहिलाय तो पण कपड्यांनी भरला तर माणसांनी झोपायचं कुठे? आणि एकाला औषध हवंय, दुसऱ्याला शिलाई मशीन दुरुस्त करायचंय, तिसऱ्याला बियाणं, हे लांब बसून आपण कोण ठरवणार. बांगलादेशात 2020 ला तर संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने नदीचा अंदाज बघून पाणी चढायच्या आधीच घरटी 4500 टका मोबाईलवर पाठवले. नंतर तपासलं तेव्हा ज्यांना पैसे मिळाले त्यांच्यावर उपाशी राहायची वेळ बाकीच्यांपेक्षा कमी आली होती.

फावडं_घमेलं:
पैशाने गाळ निघतो का हो? मी पुरानंतर घरं साफ करायला जात आलोय म्हणून सांगतो. पाणी ओसरलं की आत गुडघाभर गाळ असतो, ओला आहे तोवर फावड्याने निघतो, एकदा ऊन लागून वाळला की पहारीशिवाय हलत नाही. गादी पाणी पिऊन इतकी जड होते की चार जणांना उचलत नाही. कपाटाचं लाकूड फुगून दार अडकतं आणि सगळे कागद नेमके त्याच कपाटात असतात, घरातली माणसं घाईघाईने ओल्या फायली सोलायला जातात आणि अक्षरं जातात, त्यांना थांबवून गठ्ठा तसाच सावलीत ठेवायला सांगावं लागतं. अख्ख्या वस्तीला एकाच दिवशी मजूर, पंप, गमबूट हवे असतात, दुकानं स्वतःच बुडालेली, एटीएम बंद, फोनला रेंज नाही. त्या आठवड्यात हातात नोटा देऊन तो माणूस काय विकत घेणार? म्हणजे कपडे पाठवू नका हे बरोबर, पण सामानच नको म्हणणं मला अजिबात पटत नाही. फावडी पाठवा, फिनेल पाठवा, हातमोजे पाठवा, आणि मुख्य म्हणजे माणसं पाठवा.

दवाखाना:
माणसं पाठवा पण अनवाणी नको, प्लीज. केरळात 2018 च्या पुरानंतर लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) पेशंट किती वाढले होते आठवतंय का, उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून होतो तो, पायाला छोटी जखम असली तरी पुरते. तिथे सफाईला उतरणाऱ्यांना तो होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या होत्या, तुम्हीही उतरण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि विहीर उपसून, क्लोरीन टाकून, पाणी तपासून झाल्याशिवाय ते पिऊ नका, पाणी नितळ दिसतंय यावर जाऊ नका.

नदीकाठ:
@फावडं_घमेलं पहिला आठवडा तुमचा, मान्य. पण ट्रक पहिल्या आठवड्यात कुठे पोचतो, रस्ते खचलेले असतात. तो पोचेपर्यंत जवळच्या बाजारात दुकानं उघडायला लागलेली असतात आणि मग तुमचं फुकटचं सामान त्याच बुडालेल्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तोडतं. त्याला कोण उभं करणार?

यादीत_नाव_नाही:
तुम्ही दोघं काय द्यायचं यावर भांडताय, पण कोणाला मिळतं हे कोणीच बोलत नाहीये. पाकिस्तानात 2010 च्या पुरानंतर वतन कार्ड नावाच्या एटीएमसारख्या कार्डावर सरकारने पैसे दिले, त्याला ओळखपत्र लागायचं, ज्यांच्याकडे ते नव्हतं ते अडकले. अमेरिकेत 2005 च्या कतरिना वादळानंतर लुईझियाना राज्यात घरांसाठी जी योजना आली तिच्यात रक्कम घराच्या जुन्या बाजारभावाशी बांधलेली होती, दुरुस्तीचा खर्च सारखाच असून गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या लोकांना कमी पैसे मिळाले, कोर्टकचेरी होऊन 2011 ला तडजोड झाली. म्हणजे पैसे थेट दिले तरी नियम चुकले की अन्याय होतोच. भाडेकरूचं काय? दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्याचं काय? घर मालकाच्या नावावर, पीक मालकाच्या नावावर, बुडालं मात्र त्याचं सगळं आणि सर्व्हेत त्याचं नावच नाही. मला याचा खरंच राग येतो.

फावडं_घमेलं:
@यादीत_नाव_नाही म्हणून तर म्हणतो माणसं पाठवा. घरोघरी चिखल काढत फिरलं की कोण कुठल्या खोलीत भाड्याने राहतं ते आपोआप कळतं, ऑफिसात बसून केलेल्या यादीत ते दिसत नाही.

नदीकाठ:
पण स्वयंसेवक पंधरा दिवसांनी घरी जाणार आणि घर उभं राहायला वर्ष-दोन वर्षं लागणार, त्याला पैसाच लागतो. सिंधमध्ये 2022 च्या पुरानंतर 21 लाख घरांची योजना आली, तिथे पैसे टप्प्याटप्प्याने थेट खात्यात जातात आणि घर कुटुंब स्वतः बांधतं, गवंड्यांना पुराला टिकणारं बांधकाम शिकवलं. जमिनीचा कागदही बाईच्या नावे करून द्यायचं ठरवलं. यादीतून सुटणाऱ्यांना आत घेण्याचा हाच रस्ता आहे, पैसे बंद करणं हा नाही.

यादीत_नाव_नाही:
पैसे बंद करा असं मी म्हटलंच नाही. पैसे द्या, पण यादी वस्तीसमोर मोठ्याने वाचून दाखवा, भिंतीवर लावा, आठ दिवस हरकती घ्या, आणि भाडेकरूला पुरावा म्हणून शेजारच्या दोघांची सही चालू द्या. @फावडं_घमेलं तुमच्या टीमने साफ केलेल्या घरांची वही ठेवली असेल तर त्यात राहणाऱ्याचं नाव लिहिता का, की फक्त घरमालकाचं?