दोष माहिती देणाऱ्याचा की मांडणाऱ्याचा?
कंपनीने दिलेली माहिती मांडणे एवढेच जनसंपर्क विभागाचे काम असते, म्हणून उत्पादन पर्यावरणपूरक असल्याचा कंपनीचा दावा फसवा निघाल्यास दोष त्याला देऊ नये, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. फोक्सवॅगनच्या सुमारे १.१ कोटी डिझेल गाड्यांमध्ये चाचणी ओळखून तेवढ्यापुरते उत्सर्जन कमी करणारे सॉफ्टवेअर असल्याचे २०१५ मध्ये उघड झाले; तोवर अमेरिकेत 'स्वच्छ डिझेल' म्हणून जाहिराती करणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असेलच असे नाही. परंतु बाटलीवर हिरवे पान छापून 'पुनर्वापरयोग्य' असे लिहिणाऱ्याला, प्रत्यक्षात किती बाटल्यांवर पुनर्प्रक्रिया होते हे विचारता येते, आणि माझ्या मते ते विचारलेच पाहिजे. उत्तर न मिळाल्यास निवेदन अडवण्याचा लेखी अधिकार त्याला कंपनीने द्यायला हवा.