'गो' हे 'गम्'चंच रूप ना?

मुळाक्षर:
इंग्रजी 'गो' आणि संस्कृत 'गम्' एकाच मुळाचे, यात शंका कसली? ध्वनी जुळतो, अर्थ जुळतो. 'नाम–नेम' चालतं, मग इथेच नाकं मुरडायची काय गरज?

व्यंजनान्त:
ध्वनी इतका जुळतो तीच तर गोम आहे. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोप ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेला नियम बघा: मूळ ग जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळात, क होतो. गौ–काऊ, युग–योक. म्हणजे गम्‌चा भाऊ क-नेच सुरू व्हायला हवा, आणि तो आहे: 'कम'! जर्मन 'कोमेन', आणि त्याच कुळातल्या जुन्या गॉथिक भाषेत 'क्विमान'. अर्थ उलटा वाटतो खरा, पण 'आगच्छति' म्हणजे येतोच की. दिशा उपसर्ग ठरवतो.
इंग्रजी ग-साठी संस्कृतात घ किंवा ह शोधायचा. हंस–गूस. त्या न्यायाने व्युत्पत्तीचे अभ्यासक 'गो'ची जोडी सहसा 'हा' धातूशी लावतात. हानी, हीन हे त्यातलेच.

मुळाक्षर:
'हा' म्हणजे टाकणे, सोडणे. नियम पाळायला अर्थाचा बळी!

तिरपागडे:
गाव सोडलं म्हणजे गेलाच ना? शिवाय 'हा'चंच रूप 'जिहीते' म्हणजे निघतो, सरकतो.
'वेन्ट' तर 'गो'चा नव्हेच. जुन्या इंग्रजीत भूतकाळ 'एओदे' होता. 'वेन्ड' म्हणजे वळणे. सेन्डचं सेन्ट तसं त्याचं वेन्ट. १५व्या शतकात ते 'गो'ने बळकावलं, आणि बिचाऱ्या वेन्डला 'वेन्डेड' नव्याने शिवून घ्यावं लागलं. हसू नका, मराठीतही हेच: 'जातो' हा 'या' धातूचा (याति, प्राकृत जाइ), 'गेला' हा 'गत'चा. म्हणजे आपल्या 'गेला'चं नातं त्यांच्या 'केम'शी!

मुळाक्षर:
बरं, गम् सोडला. पण वेन्ड तरी 'वृत्'चा?

व्यंजनान्त:
नाही. वृत्‌चा सोयरा लॅटिन 'वर्तेरे', आणि इंग्रजीत 'टुवर्ड'मधला 'वर्ड'. वेन्ड हा 'वाइन्ड'च्या, म्हणजे गुंडाळण्याच्या, घरचा.

मुळाक्षर:
ठीक. तरी 'हा' गळी उतरत नाही. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'ओहाक् त्यागे' (टाकणे) आणि 'ओहाङ् गतौ' (जाणे) असे दोन वेगळे 'हा' आहेत; पुढची-मागची अक्षरं नुसत्या खुणा. जहाति पहिल्याचं, जिहीते दुसऱ्याचं. तुम्ही ध्वनी दाखवायला एक घेता आणि अर्थ दाखवायला दुसरा. आधी ते दोन मुळात एकच होते हे दाखवा, मग गूस आणा.