मुक्काम एक, वाटा दोन

नवरा-बायकोच्या आवडी वेगळ्या असल्या की परदेशी सहलीत 'एक दिवस त्याच्या आवडीचा, एक तिच्या, पण जायचं सगळीकडे बरोबरच' असं सुचवलं जातं, ते मला पटत नाही. त्यात रोज कुणीतरी एक मन मारून चालत असतं आणि दुसऱ्याला ते कळत असतं. आमच्याकडे नवऱ्याला डोंगरांचं वेड, दर पावसाळ्यात कर्जत-कसाऱ्याची लोकल पकडून भटकणारा. मला चित्रं बघायची होती. मग स्वित्झर्लंडच्या सहलीत आम्ही गावंच कमी केली आणि ल्युसर्नला चार रात्री राहिलो. झुरिक विमानतळावरून थेट ट्रेनने साधारण तासाभराचा रस्ता. तो सकाळीच जवळच्या पिलाटुस डोंगरावर गेला, दातेरी रुळांच्या गाडीने. १८८९ सालची ही रेल्वे, कमाल ४८ टक्के चढ, दातेरी रुळांच्या गाड्यांत जगात सर्वांत खडी. हिवाळ्यात बंद असते, तेव्हा तारखा बघूनच ठरवा. मी तेवढ्या वेळात स्टेशनजवळच्या रोझेनगार्ट संग्रहात पिकासो आणि पाउल क्लेच्या चित्रांसमोर निवांत बसले. 'झालं का?' विचारणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी जुन्या लाकडी पुलापाशी भेटलो, तेव्हा त्याच्या बुटांना चिखल लागला होता. घरून नेलेले बेसनाचे लाडू खात तो ढगांबद्दल सांगत होता, मी रंगांबद्दल. इतकं बोलणं आमच्यात कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

व्हिसाचं मात्र आधी बघा. शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, ज्या देशात मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखेच असतील तर ज्या देशात प्रथम उतरणार त्या देशाकडे.