डे ३ ला सगळे एंब्रियो छान, डे ५ ला थांबले. मदत हवी आहे, अर्जंट

मनवा_म
लवकर उत्तर द्या प्लीज, उद्या सकाळी क्लिनिकला कळवायचंय. आमचे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार चालू आहेत. बीजं काढल्यापासून तिसऱ्या दिवशी, म्हणजे डे ३ ला, आमचे १० एंब्रियो (लॅबमध्ये वाढवलेले गर्भ) होते, सगळे ८ सेलचे (पेशींचे), ग्रेड १ म्हणाले, आम्ही इतके खूश होतो. आज डे ५, लॅबचा फोन आला की १ अर्ली ब्लास्टोसिस्ट (डे ५ ला व्हायला हवा तो पोकळ, फुगलेला एंब्रियो) आहे, ३ मोरुला (त्याच्या आधीचा टप्पा) आहेत आणि बाकीचे थांबले. थांबले म्हणजे काय? दोन दिवसांत ६ एंब्रियो कसे काय थांबतात, लॅबमध्ये काही गडबड झाली का? आणि आता विचारतायत की उद्या ट्रान्सफर (एंब्रियो गर्भपिशवीत ठेवणं) करायचा का सगळं फ्रीज. मी ट्रान्सफरच म्हणणार आहे कारण अजून थांबायची ताकद नाहीये. अनुभव असलेल्यांनीच सांगा.

अनुराधा_के
वय किती? साधं आयव्हीएफ (बीज आणि शुक्रजंतू नुसते एकत्र ठेवून) की इक्सी (शुक्रजंतू सुईने बीजात सोडून)? एकूण बीजं किती निघाली आणि त्यातली मॅच्युअर किती? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

मनवा_म
वय ३४, इक्सी. ते सगळं नॉर्मलच आहे हो, प्रश्न थांबले का हा आहे.

सदाफुली
थांबले कारण डे ५ पर्यंत बाहेर ठेवले! मी प्रत्येक धाग्यावर हेच लिहिते. डे ३ लाच आत ठेवायला हवे होते, आईच्या पोटात जे वाढतं ते काचेत वाढेलच असं नाही. १९७८ मध्ये जन्मलेली लुईस ब्राउन, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, तिच्या वेळी ८ सेलचाच एंब्रियो आत ठेवला होता, ब्लास्टोसिस्टची वाट बघितली नव्हती. माझा मुलगाही डे ३ चाच आहे.

पेशी
मी लॅबमध्ये काम करते म्हणून लिहिते. मनवा, ६ थांबले यात लॅबची चूक असेलच असं नाही. फलन झालेल्या बीजांपैकी निम्मी ब्लास्टोसिस्टपर्यंत गेली तरी आम्ही त्याला चांगली बॅच म्हणतो, बऱ्याचदा त्याहून कमीच जातात. पहिले दोन-तीन दिवस एंब्रियो बीजात आधीपासून साठवलेल्या मालावर चालतो, स्वतःचे जीन्स जवळजवळ बंद असतात. ते जोमाने चालू होतात ४ ते ८ सेलच्या सुमारास. म्हणजे डे ३ चा छान ८ सेल हा मुख्यतः बीजाच्या तब्येतीचा दाखला असतो. पुढची गाडी एंब्रियोला स्वतः ओढायची असते, आणि गुणसूत्रं कमीजास्त झालेली असली तर बरेचसे तिथेच थांबतात, डे ३ ला कितीही देखणे दिसले तरी. तुमचं काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही, हे मनात पक्कं धरा.

सदाफुली, तिसऱ्या दिवशी एंब्रियो नैसर्गिकरीत्याही गर्भपिशवीत नसतो, नळीत असतो, पिशवीत साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी पोचतो.

सदाफुली
मग माझा मुलगा कसा झाला? दोन-तीनच एंब्रियो असतील तर डे ३ ला ठेवतातच की.

पेशी
ठेवतात, आणि थोडे असतील तर ते बरोबरही आहे. पण इथे १० होते. थांबणारे बहुतेक आतही थांबले असते, फक्त आपल्याला ते दिसलं नसतं, १४ दिवसांनी निगेटिव्ह रिपोर्ट तेवढा हातात आला असता.

रोहन_प
सगळे बीजाचंच बोलतायत, पुरुषाचं कोणी बघतच नाही. डे ३ नंतर थांबणं म्हणजे शुक्रजंतूचा डीएनए बघा, आमच्यात तेच निघालं. काउंट, मोटिलिटी सगळं नॉर्मल आणि फ्रॅगमेंटेशन (डीएनएचे तुकडे होणं) जास्त. सिगारेट बंद केली, मांडीवर लॅपटॉप बंद, शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात म्हणून तीन महिने थांबून पुढची सायकल (उपचारांची फेरी) केली.

अनुराधा_के
रोहन, मुद्दा बरोबर आहे पण ते पुढच्या सायकलचं झालं. तिला उद्या सकाळी उत्तर द्यायचंय. मनवा, बीजं किती निघाली ते अजून सांगितलं नाहीस.

शुभांगी२२
ट्रान्सफरनंतर अजिबात उठू नकोस ग, पायाखाली उशी घेऊन पडून राहा, जिने तर नकोच, मी तसंच केलं होतं.

पेशी
बेड रेस्टने रुजण्याचं प्रमाण वाढत नाही, उठून चाललं म्हणून एंब्रियो खाली पडत नाही. आणि तिने हे विचारलेलंही नाहीये.

मनवा_म
२१ निघाली, १६ मॅच्युअर, १२ फर्टिलाइझ झाली. पीसीओएस (ओव्हरीत खूप बारीक बीजकोष असतात तो त्रास) आहे मला. बीजं भरपूर आहेत म्हणूनच तर वाटलं होतं सोपं जाईल. बाकी काही नाही, पिकअपनंतर (बीजं काढल्यापासून) पोट टम्म फुगलंय, सलवारची नाडी लागत नाही, आडवं झालं की दम लागल्यासारखं होतं, पण ते सगळ्यांनाच होतं ना?

अनुराधा_के
अग हे आधी सांगायचंस! सगळ्यांना होत नाही. ट्रिगर (बीजं काढण्याआधीचं शेवटचं इंजेक्शन) कसला दिला होता, एचसीजीचा (गरोदरपणातल्या हार्मोनचा) का? वजन वाढलंय का? लघवी कमी होतेय का? उलट्या?

मनवा_म
हो एचसीजी. वजन वाढलंय, औषधांनी असेल. लघवी कमी होतेय खरी, पण मी पाणीही कमी पितेय, पोटात जागाच नाही.

पेशी
मनवा, उद्याची वाट बघू नकोस, आत्ता क्लिनिकच्या इमर्जन्सी नंबरवर फोन कर आणि हे सगळं जसंच्या तसं सांग. पीसीओएस, २१ बीजं, एचसीजी, फुगलेलं पोट, दम, लघवी कमी, हे ओएचएसएस असू शकतं. ओव्हरी जास्त उत्तेजित होतात आणि रक्तातलं पाणी पोटात झिरपतं, कधी छातीतही. यात आत्ताच ट्रान्सफर करून एंब्रियो रुजला तर तो स्वतःच एचसीजी बनवायला लागेल, ओव्हरी पुन्हा पेटतील आणि त्रास आठवडेच्या आठवडे चालेल. अशा वेळी सगळं फ्रीज करणंच सुरक्षित. तुझ्या डॉक्टरांना दम लागतोय हे माहीत असतं तर त्यांनी ट्रान्सफरचा पर्याय दिलाच नसता असं मला वाटतं.

सदाफुली
माझं डे ३ चं म्हणणं बाजूला ठेवा, आधी फोन कर ग बाई.

केतकी
फ्रीज केल्यावर एंब्रियो मरतात ना पण? एकीचं ऐकलं होतं.

पेशी
आता विट्रिफिकेशन करतात, म्हणजे इतक्या झटकन गोठवतात की आत बर्फाचे स्फटिक होत नाहीत. चांगल्या लॅबमध्ये १० पैकी ९ हून जास्त ब्लास्टोसिस्ट बाहेर काढल्यावर टिकतात.

मनवा_म
काल रात्रीच बोलावून घेतलं त्यांनी. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं, ओव्हरी खूप मोठ्या झाल्यात. ॲडमिट केलं नाही पण औषधं दिलीत, रोज वजन आणि लघवी मोजून कळवायचंय, दम वाढला तर लगेच यायचं. ट्रान्सफर रद्द. खूप रडले खरं तर. आज डे ६ ला दोन फ्रीज झाले, एक ४बीबी, एक ४बीसी. बाकीचे दोन मोरुला पुढे गेले नाहीत. बीबी म्हणजे खराब का?

पेशी
खराब नाही. ४ म्हणजे ब्लास्टोसिस्ट पूर्ण फुगलेला आहे. पहिलं अक्षर आतल्या पेशींच्या गोळ्याचं, ज्यातून बाळ होतं, दुसरं बाहेरच्या थराचं, ज्यातून वार होते. ए, बी, सी हा नुसता डोळ्यांनी बघून दिलेला अंदाज असतो, आत गुणसूत्रं बरोबर आहेत का ते त्यावरून कळत नाही. ४बीबी ची बाळं मी खूप पाहिलीत, सी असलेल्यांचीही होतात, जरा कमी. ओव्हरी पूर्ण बसल्या की मगच ट्रान्सफरचं विचार, आणि तेव्हा रोहन म्हणतात ती टेस्टही डॉक्टरांना विचारून घे. आज वजन किती भरलं?