काळ्या जमिनीतील सूक्ष्मजीवांची ओळख आणि नॅनो निविष्ठा: डीएनए अहवालावरून नेमके काय ठरवावे?

प्रश्न: काळीभोर_परभणी

नमस्कार. परभणी जिल्ह्यात आमची भारी काळी, चुनखडीयुक्त जमीन आहे. तिचा सामू ८.२ असून सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा असा आमचा पीकक्रम आहे. मागील हंगामानंतर एका खाजगी सल्लागाराच्या आग्रहावरून मी मातीची डीएनए तपासणी करून घेतली. बऱ्याच पानांच्या त्या अहवालात प्रोटिओबॅक्टेरिया, अ‍ॅक्टिनोबॅक्टेरिया, अ‍ॅसिडोबॅक्टेरिया अशा गटांच्या टक्केवाऱ्या आणि रंगीत वर्तुळे आहेत, आणि शेवटी 'विविधता मध्यम' असा शेरा आहे. त्याखाली नॅनो जस्त व नॅनो चांदी यांची मातीत आळवणी करावी आणि नॅनो युरियाची फवारणी करावी, अशी शिफारस केलेली आहे.

माझ्या शंका अशा आहेत. या टक्केवाऱ्यांवरून माझ्या जमिनीत नत्र स्थिर करणारे आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू पुरेसे आहेत की नाहीत, हे कळते का? कळत नसेल तर ते कोणत्या पद्धतीने कळेल? आणि एकीकडे आम्ही बियाण्याला रायझोबियमची (मुळांवर गाठी करून नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंची) प्रक्रिया करतो, तर दुसरीकडे जंतुनाशक म्हणून ओळखली जाणारी चांदी मातीत ओतायची, यात विसंगती नाही का?

उत्तर १: प्लेट_आणि_पिपेट (सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा, पुणे)

आपली शेवटची शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर मृदा रसायनाचे जाणकार अधिक चांगले देतील. मी ओळख पटवण्यापुरते लिहितो.

एक ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यांतले फारच थोडे, ढोबळ मानाने शंभरात एकाहून कमी, प्रयोगशाळेतील नेहमीच्या माध्यमावर (जिवाणू वाढवण्याच्या खाद्यावर) वाढतात. डीएनए पद्धती पुढे आल्या त्या यामुळे. बहुतेक व्यावसायिक अहवाल १६एस आरआरएनए या जनुकावर आधारलेले असतात. सुमारे १५०० अक्षरांचे हे जनुक सर्व जिवाणूंमध्ये सापडते, आणि कार्ल वूझ व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये आर्किया हा जीवसृष्टीचा स्वतंत्र गट ओळखला तो याच आरआरएनएच्या तुलनेतून. मात्र स्वस्त तपासणीत या जनुकाचा चार-साडेचारशे अक्षरांचा तुकडाच वाचला जातो. त्यावरून घराणे (फॅमिली) कळते, फार तर त्याखालचे कूळ (जीनस) कळते. जाती आणि उपप्रकार बहुधा कळत नाहीत. किडींवर वापरला जाणारा बॅसिलस थुरिंजिएन्सिस आणि अन्नविषबाधा करणारा बॅसिलस सिरिअस यांचे हे जनुक जवळपास सारखेच आहे, एवढ्या एका उदाहरणावरून या पद्धतीची मर्यादा लक्षात यावी.

दुसरी अडचण टक्केवारीची. एकूण संख्या न मोजता दिलेली टक्केवारी सापेक्ष असते. एका गटाचा वाटा वाढलेला दिसला म्हणजे तो गट वाढला असेल किंवा बाकीचे मेले असतील, आणि यांपैकी काय घडले हे वर्तुळाकडे पाहून सांगता येत नाही. त्यातच मेलेल्या पेशींचा डीएनए मातीत बराच काळ टिकतो आणि तोही मोजला जातो. नत्र स्थिरीकरणाची क्षमता पाहायची असेल तर त्या क्रियेचे निफ-एच हे जनुक स्वतंत्रपणे मोजावे लागते. 'प्रोटिओबॅक्टेरिया ३० टक्के' या वाक्याचा आपल्या सोयाबीनशी थेट संबंध नाही, कारण त्या विशाल गटात सोयाबीनला गाठी करणारा ब्रॅडिरायझोबियमही येतो आणि वनस्पतींना रोग करणारे अनेक जिवाणूही येतात.

जुन्या पद्धती मला आजही अधिक उपयोगी वाटतात, कारण त्या जिवाणू काय काम करतो हे विचारतात. नत्र नसलेल्या जेन्सन माध्यमावर अ‍ॅझोटोबॅक्टर वाढतो, काँगो रेड घातलेल्या यीस्ट-मॅनिटॉल माध्यमावर रायझोबियमच्या वसाहती सहसा रंग न शोषता पांढुरक्या राहतात, आणि पिकोव्हस्काया माध्यमावर स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूभोवती पारदर्शक वलय उमटते. पण या वलयावरही आंधळा विश्वास ठेवू नये, विशेषतः आपल्यासारख्या जमिनीत. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की साध्या माध्यमावर वलय देणारे अनेक जिवाणू, चुनखडीच्या जमिनीप्रमाणे आम्लाला दाद न देणारे माध्यम वापरले की निष्प्रभ ठरतात, कारण त्यांनी सोडलेले थोडेसे आम्ल लगेच शमवले जाते. त्या परिस्थितीतही काम करणारा एंटेरोबॅक्टर त्यांना सापडला, तो तुरीच्या मुळांभोवतीच्या मातीत. तूर तर आपल्या पीकक्रमातच आहे.

सोयाबीनसाठी तर प्रयोगशाळेआधी शेतातच एक तपासणी होते. फुलोऱ्याच्या सुमारास वेगवेगळ्या ठिकाणची रोपे खोऱ्याने मातीसकट अलगद काढावीत, मुळे धुवावीत आणि गाठी ब्लेडने कापाव्यात. आतून गुलाबी-लाल असलेली गाठ काम करते. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा असतो. पांढऱ्या, हिरवट किंवा पोकळ गाठी कितीही असल्या तरी त्या हिशेबात धरू नयेत.

एखाद्या विशिष्ट जिवाणूची खात्रीशीर ओळख हवी असेल, तर पुण्यातील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारख्या संस्थेत शुद्ध संवर्धन (त्या एकाच जिवाणूची वाढ) पाठवता येते. पण त्यासाठी जिवाणू आधी वेगळा काढलेला असावा लागतो.

उत्तर २: स्मेक्टाइट

वरील उत्तराशी मी सहमत आहे, आणि चांदीविषयी स्पष्टच लिहितो: ही आळवणी करू नये. चांदीच्या नॅनो कणांपासून सुटणारे आयन पेशींतील विकरांच्या (एन्झाइमांच्या) गंधकयुक्त भागांना चिकटतात आणि त्यांचे काम थांबवतात. मर रोगाची बुरशी आणि रायझोबियम यांच्यात निवड करण्याची कोणतीही सोय त्या कणात नसते. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणूही चांदीला विशेष संवेदनशील आहेत. शिवाय चांदी हे पिकाचे अन्नद्रव्य नसल्यामुळे ती मातीत साचतच राहते.

सोयाबीनवरच झालेल्या एका अभ्यासाची येथे आठवण होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील चमूने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सिरियम या धातूच्या ऑक्साइडच्या नॅनो कणांची मात्रा मातीत वाढवल्यावर मुळांच्या गाठींतील नत्र स्थिरीकरण जवळजवळ बंद पडले, तर झिंक ऑक्साइड दिलेल्या झाडांच्या पानांत व बियांत जस्त साचले. त्या मात्रा शेतातील नेहमीच्या वापरापेक्षा अधिक होत्या, हे खरे. पण धातू कोणता, मात्रा किती आणि ती मातीत द्यायची की पानावर, हे तीन प्रश्न सुटल्याखेरीज 'नॅनो चांगले' किंवा 'नॅनो वाईट' हे दोन्ही शेरे निरर्थक आहेत, एवढे त्यातून नक्की कळते.

जस्ताचा विचार वेगळा आहे. मराठवाड्याच्या चुनखडी जमिनीत जस्ताची कमतरता खरीच आढळते. परंतु १ ते १०० नॅनोमीटरचा कण अशा मातीत पडला की तो सुटा राहत नाही; कण एकमेकांना व चिकणमातीला चिकटतात, आणि विरघळलेले जस्त चुन्याशी बांधले जाते. म्हणजे झिंक सल्फेट ज्या सापळ्यात अडकते त्याच सापळ्यात महागडे नॅनो जस्तही अडकणार. आळवणीऐवजी फवारणी केल्यास निदान हा सापळा टळतो. तरीही फवारणीसाठी ०.५ टक्के झिंक सल्फेट हा जुना आणि स्वस्त पर्याय शेजारी ठेवूनच तुलना करावी.

आता नॅनो युरिया. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या मूळ उत्पादनात नत्र ४ टक्के होते, म्हणजे ५०० मिलीच्या बाटलीत सुमारे २० ग्रॅम. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी सुमारे २०.७ किलो नत्र असते. पानातून दिलेल्या नत्राची कार्यक्षमता कितीही मानली, तरी हजारपट अंतर कार्यक्षमतेने भरून निघत नाही. नंतर आलेल्या २० टक्क्यांच्या उत्पादनातही बाटलीमागे १०० ग्रॅमच होतात. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील दोन वर्षांच्या प्रयोगात, युरियाची निम्मी मात्रा कमी करून नॅनो युरिया फवारल्यावर भाताचे उत्पादन १३ टक्के आणि गव्हाचे २१.६ टक्के घटले.

आपल्या पिकाचा हिशेब तर याहून बोलका आहे. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने, म्हणजेच ६.४ टक्के नत्र असते. एकरी १० क्विंटल उत्पादनाच्या दाण्यातच ६४ किलो नत्र जाते, आणि त्यातला साधारण निम्मा किंवा अधिक वाटा गाठी उचलतात. एकरी ३० किलोच्या वर नत्र देणारी ती फुकटची यंत्रणा चांदीने धोक्यात घालायची आणि बाटलीतून २० ग्रॅम द्यायचे, असा हा सल्ला आहे.

उत्तर ३: संशोधक_विद्यार्थिनी

वरील सरांचे चांदी व नॅनो युरियाबाबतचे म्हणणे मान्य आहे, पण त्यामुळे संपूर्ण क्षेत्राविषयी गैरसमज होऊ नये, म्हणून थोडी भर घालते.

सूक्ष्मजीव आणि नॅनो कण यांचे नाते नेहमी शत्रुत्वाचेच असते असे नाही. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत जे. सी. तरफदार आणि सहकाऱ्यांनी बुरशीच्या स्रावांचा वापर करून जस्ताचे नॅनो कण तयार केले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ते अत्यल्प मात्रेत बाजरीच्या पानांवर फवारले असता उत्पादन वाढलेच, शिवाय मुळांजवळच्या मातीत डिहायड्रोजिनेज व फॉस्फेटेज या विकरांची क्रियाही वाढलेली आढळली. अर्थात वालुकामय जोधपूर आणि चिकणमातीचे परभणी यांत फरक आहे, आणि बाजरीला गाठी नसतात, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही.

जैवतंत्रज्ञान विभाग, कृषी मंत्रालय आणि अन्नसुरक्षा प्राधिकरण यांनी जुलै २०२० मध्ये नॅनो कृषी निविष्ठांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. विक्रेत्याकडे कणांचा सरासरी आकार, कण सुटे ठेवणारा लेप आणि मृदा जीवांवरील चाचणीचा अहवाल लेखी मागावा; नुसत्या 'नॅनो' या शब्दाचे पैसे देऊ नयेत. जाता जाता एक गोष्ट: तळहाताएवढ्या यंत्राने डीएनए वाचण्याची नवी पद्धत ज्या छिद्रातून रेणू ओढते, ते प्रथिनाचे छिद्र एक-दोन नॅनोमीटर रुंदीचे असते, आणि तिने १६एस जनुक पूर्ण लांबीने वाचता येते. मला स्वतःला नॅनोतंत्रज्ञानाचा शेतीतील अधिक भरवशाचा उपयोग खतापेक्षा अशा निदानाच्या साधनांत दिसतो.

उत्तर ४: गट_शेती_वसमत

आमच्या गटात डीएनए तपासणी कोणी केलेली नाही, पण संवर्धकांच्या (बियाण्याला लावायच्या जिवाणू खतांच्या) बाबतीत लिहिण्यासारखे आहे. खत नियंत्रण आदेशानुसार पावडर स्वरूपातील रायझोबियममध्ये ग्रॅममागे किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलीमागे किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. कृषी सेवा केंद्राच्या पत्र्याखाली एप्रिल-मे काढलेल्या पाकिटात ते राहत नाहीत, म्हणून आम्ही पेरणीच्या तोंडावर थेट कृषी विद्यापीठाच्या केंद्रातून आणतो. आधी बुरशीनाशक, ते वाळल्यावर १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धक, सावलीत सुकवणे आणि त्याच दिवशी पेरणी, हा क्रम सोडू नये. नॅनो असो वा साधे तांबे असो, धातूचे कोणतेही औषध संवर्धकाच्या द्रावणात मिसळू नये.

काळीभोर_परभणी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चांदीची आळवणी रद्द केली आहे. जस्ताची मात्र तुलना करून पाहण्याची इच्छा आहे. नॅनो जस्त, झिंक सल्फेट आणि नुसते पाणी असे तीन पट्टे ठेवल्यास सूक्ष्मजीवांवरील परिणामही मोजता येईल का, आणि नमुने कधी घ्यावेत?

प्लेट_आणि_पिपेट

मोजता येईल, मात्र तीनच पट्टे ठेवू नयेत. शेताचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा सुपीक असतोच, म्हणून प्रत्येक प्रकार किमान तीन ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या जागी घ्यावा. फवारणीपूर्वी एकदा आणि नंतर दोन-तीन आठवड्यांनी, अशी दोन वेळा ० ते १५ सेंमी खोलीवरची माती मुळांलगत घ्यावी. प्रत्येक पट्ट्यातील पाच-सहा जागांची माती एकत्र करून स्वच्छ पिशवीत भरावी, बर्फाच्या डब्यात ठेवावी आणि शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत प्रयोगशाळेत पोहोचवावी. उन्हात वाळवलेली माती रासायनिक पृथक्करणाला चालते, येथे चालत नाही. प्रयोगशाळेकडे डीएनएऐवजी डिहायड्रोजिनेजची क्रिया (जिवंत सूक्ष्मजीव किती सक्रिय आहेत हे दाखवणारी) आणि रायझोबियमची जिवंत संख्या मागावी, म्हणजे खर्चही आटोक्यात राहील. गाठींचा रंग व वजन, आणि काढणीच्या वेळी पट्टानिहाय उतारा आपण स्वतःच नोंदवू शकता. पट्ट्यांच्या मध्ये दोन-तीन तासे न फवारता सोडावीत आणि नमुने त्यांतून घेऊ नयेत, कारण वाऱ्याने फवारा सरकतो.