मदत हवी आहे: सातवीच्या मुलांसाठी गोष्टीचे विषय सुचवा

खडूफळा:
विषय दिला की अर्धी तासिका नुसती चुळबुळ. लिहिलंच तर सगळ्यांची गोष्ट एकच, आणि शेवटी 'तेवढ्यात आईने हाक मारली आणि मला जाग आली'. परवा पुन्हा तास आहे. चांगले विषय हवेत, लवकर सांगा.

तळटीप:
आधी कोणते विषय दिले होते? माध्यम कोणतं? गुण देता का?

सुलभाताई:
'किशोर' वाचायला द्या. बालभारती १९७१ पासून काढते, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. वाचलंच नाही तर लिहिणार कुठून?

खडूफळा:
ताई, वाचनाचं नव्हतं विचारलं. मराठी माध्यम, तासिका ३५ मिनिटांची. 'मी पक्षी झालो तर', 'सूर्य उगवलाच नाही तर' असे विषय दिले.

निवृत्त मास्तर:
हे तर गाईडात छापलेले असतात. मुलं पाठ केलेलं उतरवतात, त्यांचा काय दोष? मी एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द द्यायचो. एकदा 'म्हैस' आणि 'कुलूप' आले. एका मुलीने लिहिलं, म्हैस विकली तरी आजोबा रिकाम्या गोठ्याला रोज कुलूप लावतात. वर्ग गप्प झाला होता.

तळटीप:
सुंदर. पण अडलेल्या मुलाला पहिलं वाक्य तयार द्यावं, मी तेच करते.

निवृत्त मास्तर:
मग ती 'अपूर्ण गोष्ट पूर्ण करा' झाली. परीक्षेतला प्रश्न. पुन्हा गाईड आलंच.

तळटीप:
नाही पटत. जो मुलगा कोरा कागद देतो त्याला काहीतरी आधार लागतोच.

शुद्धमराठी:
आधी ऱ्हस्व-दीर्घ पक्कं करा, गोष्टी नंतर.

तळटीप:
पहिल्याच खर्ड्यावर लाल पेन फिरलं की मुलं 'भयाण' सोडून 'वाईट' लिहितात, चुकायला नको म्हणून. शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यात बघा.

पुणेरीआई:
माझी मुलगी पाचवीत आहे, छान कविता करते. कुठे पाठवता येतील?

खडूफळा:
मास्तर, शब्द मी निवडायचे की मुलांनी?

निवृत्त मास्तर:
मुलांनीच. एकाने फळ्यावर, दुसऱ्याने फळ्यामागे, एकमेकांचं न बघता. आपण निवडले की नकळत पाऊस आणि छत्रीच येते. आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर लिहा, वाचून दाखवा.

तळटीप:
गुणांचं राहिलंच. देता का?

खडूफळा:
हो, दहापैकी.

तळटीप:
परवा देऊ नका.

सुलभाताई:
पुणेरीआई, 'किशोर'मध्ये मुलांनी लिहिलेलंही छापतात. तिथे पाठवून बघा.